गरम खोलीसाठी थंड लाकूड

लोक मला सुतार म्हणतात. मी कोणाला दुरुस्त करत नाही, पण मनात थोडं लागतं. भिलाईच्या पोलाद कारखान्यात मी चौतीस वर्षं पॅटर्नमेकर होतो, आणि पॅटर्नमेकर म्हणजे काय हे मला घरच्यांनाही धड समजावता आलेलं नाही. मुलगी शाळेत होती तेव्हा वडिलांच्या व्यवसायाच्या रकान्यात ती एकदा ‘नक्षीकाम’ लिहून आली होती.

तर सांगतो. लोखंड वितळवून एखादा भाग ओतायचा असला, म्हणजे पंपाचं कवच किंवा दातेरी चाक, तर आधी तोच आकार लाकडात करावा लागतो. तो लाकडी आकार वाळूत दाबायचा, अलगद काढून घ्यायचा, आणि मागे राहिलेल्या खळग्यात वितळलेलं लोखंड ओतायचं. त्या लाकडी आकाराला पॅटर्न म्हणतात. लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून पॅटर्न थोडा मोठा करावा लागतो. त्यासाठी आमच्या फुटपट्ट्याच वेगळ्या असत. शंभर सेंटीमीटर लिहिलेली आमची पट्टी खरी एकशे एक सेंटीमीटर लांब असायची. नवा माणूस आला की आम्ही त्याला त्या पट्टीनं टेबल मोजायला लावायचो आणि त्याची गंमत बघायचो.

लोखंड किती आकसेल हे पुस्तकात दिलेलं असतं. लाकूड किती आकसेल हे लाकूडच ठरवतं. माझी नोकरी बहुतेक ते ओळखण्यातच गेली.

निवृत्तीनंतर सेक्टर दोनचं क्वार्टर सोडलं आणि रिसालीत लहानसं घर बांधलं. मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये रंधा, पटाशी आणि जुनी करवत मांडली. हळूहळू लोक येऊ लागले. कोणाला देव्हारा हवा, कोणाला झोपाळा. एका गृहस्थांना कुत्र्यासाठी पलंग हवा होता, अगदी त्यांच्या पलंगासारखा, कारण कुत्रं त्यांच्याच पलंगावर चढून बसायचं. करून दिला. आता कुत्रं जुन्या पलंगावर झोपतं आणि गृहस्थ नव्यावर.

पण माझ्या आयुष्यातलं सगळ्यात अवघड गिऱ्हाईक आलं ते चिटणीस साहेबांच्या रूपानं.

चिटणीस साहेब रोलिंग मिलमधले मोठे अधिकारी, मूळचे नागपूरचे. तरुणपणी कारखान्यानं त्यांना ट्रेनिंगसाठी रशियात पाठवलं होतं, आणि परत येताना ते बायको घेऊन आले. तिचं नाव नीना. टाउनशिपमध्ये तेव्हा रशियन इंजिनिअर पुष्कळ होते, त्यामुळे गोऱ्या माणसाचं कोणाला नवल नव्हतं. नवल होतं ते नीनावहिनींच्या भाषेचं. त्या मराठी शिकल्या सासूकडून, आणि सासू आयुष्यात नागपूरच्या महाल वस्तीबाहेर फारशी गेलेली नव्हती. आज आमची नातवंडं घरातसुद्धा हिंदी बोलतात, आणि नीनावहिनी मात्र पंच्याहत्तरीला टेकल्या तरी ‘का’ला ‘कावून’ आणि ‘मला’ला ‘मले’ म्हणणं सोडत नाहीत.

मागच्या वर्षी नवरात्रात साहेब शेडमध्ये आले. स्टुलावर बसले. बायपास झाल्यापासून ते बोलण्याआधी जरा दम घेतात.

“बोरकर, तुम्ही लाकूड ओळखता ना?”

“थोडंफार.”

“मग माझ्याकडे या आणि मला कुठं फसवलं ते सांगा.”

त्यांचं घर माझ्यापासून दोन गल्ल्यांवर. मागच्या अंगणात एक नवी खोली होती, आठ फूट बाय सहा. आतून सगळी फळ्यांची, चकचकीत वॉर्निश केलेली. दोन पायऱ्यांसारखी बाकं, कोपऱ्यात विजेची शेगडी आणि तिच्यावर काळे दगड. सौना, असं साहेब म्हणाले. नीनावहिनी तिला बान्या म्हणतात. त्यांच्या गावाकडे प्रत्येक घरामागे अशी खोली असते. खोली जवळपास उकळत्या पाण्याइतकी तापवायची, दगडांवर पाणी टाकून वाफ काढायची आणि उघड्या अंगानं आत बसायचं.

मी म्हणालो, “साहेब, भिलाईत? मे महिन्यात आपलं आंगणच तसं असते.”

“तुम्ही म्हणता तेच सगळा मोहल्ला म्हणून राहिला,” ते म्हणाले.

लग्न ठरलं तेव्हा नीनावहिनींच्या वडिलांनी साहेबांना एकच प्रश्न विचारला होता: तिकडे बान्या आहे का? साहेब म्हणाले, नाही, पण वर्षभरात बांधतो. मग क्वार्टरमध्ये जागा नव्हती, मग मुलांचं शिक्षण, मग हे आणि ते. पन्नास वर्षं गेली. आधी वहिनी चार-सहा वर्षांनी माहेरी जाऊन यायच्या. आता तिकडे कोणी उरलं नाही आणि त्यांचे गुडघेही प्रवासाला तयार नाहीत. म्हणून साहेबांनी रायपूरच्या एका इंटिरियरवाल्याला बोलावून ही खोली करून घेतली होती.

पहिल्यांदा तापवली त्या दिवशी वहिनी आत गेल्या आणि पाच मिनिटांत खोकत बाहेर आल्या. वॉर्निशचा धूर डोळ्यांत गेला होता. वरच्या फळीतून राळेचा थेंब खांद्यावर पडला, त्याचा फोड आला. आणि बाकावर बसल्या तिथं एका स्क्रूचं डोकं वर आलेलं होतं. कुठं भाजलं हे त्यांनी साहेबांना रशियन भाषेत सांगितलं, आणि साहेबांनी मला सांगितलंच नाही.

मी फळीवर नखानं ओरखडा काढला आणि वास घेतला. चीड, म्हणजे पाइन. स्वस्त, गाठींचं, राळेनं भरलेलं.

वहिनी दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, “बोरकर भाऊजी, तुमी याले समजावा. झालं ते झालं. आता याच्यात कांदे ठेवू.”

साहेब शेगडीवरचे दगड सरळ करत होते. त्यांचा चेहरा पाहिला आणि मी ते काम घेतलं. सौना मी आयुष्यात पाहिलेला नव्हता.

घरी येऊन विचार केला. अशा खोलीतलं लाकूड कसं हवं? राळ नको, नाहीतर थेंब पडेल. उग्र वास नको. वाफेत फुगलं आणि कोरड्यात आकसलं तरी वाकडं व्हायला नको. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, खोली कितीही तापली तरी बाक अंगाला थंड लागलं पाहिजे. हे ऐकायला विचित्र वाटतं, पण खरं आहे. एकाच गरम खोलीत लोखंडाची कडी हात भाजते आणि लाकडाचा दरवाजा भाजत नाही. लाकडालाकडांतही तसाच फरक असतो. जड, घट्ट लाकूड आपली उष्णता चटकन अंगात सोडतं. हलकं लाकूड ती धरून ठेवतं, सोडायला वेळ लावतं.

एवढं कळत होतं, तरी पहिल्यांदा मनात काय आलं? सागवान. आम्ही मूळचे विदर्भातले, आम्हाला सागाशिवाय दुसरं लाकूड म्हणजे सरपण वाटतं. पॅटर्न शॉपमध्येही चांगलं काम सागातच व्हायचं. साग नाही तर काय, असं मी साहेबांना सांगूनही टाकलं. पण चौतीस वर्षांची सवय अशी की तपासल्याशिवाय करवत लावायची नाही.

तपासायला ठरावीक उष्णता हवी. सुपेल्यात अन्वरभाईंची बेकरी आहे, आमची जुनी ओळख. दुपारचे पाव निघाले की त्यांची भट्टी हळूहळू थंड होत जाते. माझ्याकडे तबकडीचा जुना थर्मामीटर होता. काटा नव्वदवर आला की मी लाकडाचे तुकडे आत ठेवायचो आणि अर्ध्या तासानं काढायचो. सगळे एका मापाचे, प्रत्येकावर खाचा पाडून खूण केलेली. मग एकेक तुकडा गालावर ठेवून दहा आकडे मोजायचे. हाताची कातडी आम्हा लोकांची जाड होऊन गेलेली असते, गाल खरं सांगतो.

आठवडाभर हे चाललं. चिडातून राळ गळली. देवदार वासानं बाद झाला. अन्वरभाई तक्रार करत आले, “बोरकरजी, कस्टमर पूछ रहे हैं, पाव में धूपबत्ती डालते हो क्या?” बीजा, म्हणजे आपला बिबळा, दिसायला सुंदर, पण ओल्या कपड्यावर ठेवला तर पिवळा-तपकिरी डाग सोडून गेला. वहिनी त्याच्यावर बसल्या असत्या तर रंगून उठल्या असत्या. सालवृक्षाचा तुकडा इतका जड की गालाजवळ नेतानाच कळलं हा भाजणार, ठेवलाच नाही.

साग शेवटी ठेवला, मोठ्या विश्वासानं. गालावर टेकवला आणि आकडे मोजू लागलो. चारपर्यंत आलो. पाचव्या आकड्याला तुकडा फेकून दिला. पण अभिमान वाईट, वाटलं आपलीच चूक झाली असेल. म्हणून पुन्हा ठेवला, दुसऱ्या गालावर.

घरी गेलो तर आमच्या हिनं दोन्ही गाल पाहिले. “कोणी मारलं तुमाले? या वयात?”

“सागवानानं.”

“मग बरोबर केलं,” ती म्हणाली आणि कोरफड आणायला गेली.

दुसऱ्या दिवशी बेकरीत आंब्याच्या लाकडाचा तुकडा गालाला लावून उभा होतो, तेव्हा मागून आवाज आला, “का करत हस, भैया?”

बिसाहू. तो आमच्या फाउंड्रीत मोल्डर होता, म्हणजे माझा पॅटर्न वाळूत दाबून साचा करणारा. निवृत्तीनंतर दुर्गजवळ आपल्या गावी शेती करतो, आणि बाजाराला आला की नातवंडांसाठी अन्वरभाईंचे टोस्ट नेतो. मला त्याला पाहून आनंद झाला आणि त्याच क्षणी नजर चुकवावीशी वाटली. त्याचं कारण पुढे येतं.

मी त्याला सगळं सांगितलं. तो माझे तुकडे एकेक करून हातात घेत गेला आणि बाजूला ठेवत गेला. मग त्यानं विचारलं, बैलाच्या मानेवरचं जू आम्ही कशाचं करतो, ठाऊक आहे का?

मला ठाऊक नव्हतं.

“खम्हार,” तो म्हणाला. पुढचं तो छत्तीसगढीत बोलला, मी माझ्या भाषेत सांगतो. बैल दिवसभर उन्हात उभा. त्याच्या मानेवर तापणारं लाकूड ठेवलं तर कातडी सोलून निघेल. जड ठेवलं तर दमेल. घाम लागून वाकडं होणारं ठेवलं तर मान घासेल. म्हणून आम्ही खम्हारीचं जू करतो. बैलाच्या मानेला चालतं ते तुझ्या मॅडमला चालणार नाही का?

खम्हार म्हणजे आपली शिवण. मी कपाळावर हात मारला. पॅटर्न शॉपमधले आमचे ड्रॉइंग बोर्ड शिवणीचे होते. वाकत नाही, फुगत नाही, म्हणूनच. रोज त्याच्यावर कोपर टेकून मी सागाच्या पॅटर्नची चित्रं काढली होती.

बिसाहूच्या बांधावर एक शिवण वादळात पडलेली होती. पटवारीचा कागद, वनखात्याची परवानगी, सगळं त्यानं आधीच करून ठेवलं होतं, कारण त्याला दारं करायची होती. तो म्हणाला, दारं नंतर होतील. त्यानं घरी नेऊन एक तुकडा दिला. दुसऱ्या दिवशी भट्टीतून काढून गालावर ठेवला. दहापर्यंत मोजलं. मग वीसपर्यंत. अन्वरभाईंनी पण ठेवून पाहिला आणि म्हणाले, “ये तो तकिए जैसा है.”

ओंडका सुपेल्याच्या आरा मशीनवर कापून आणला. आतून फिकट पिवळा, लोण्यासारखा. पण ओला. वर्षभर पडून होता तरी पोटात पाणी होतं.

आता ओलं लाकूड का चालत नाही ते सांगतो. लाकूड वाळताना आकसतं, आणि सगळीकडून सारखं आकसत नाही. ओल्या फळ्या ठोकल्या तर पहिल्याच तापात त्यांच्यात फटी पडतील, फळ्या पन्हळीसारख्या वळतील आणि मागून लावलेले स्क्रू पुढे डोकावतील. म्हणून फळ्या एकावर एक रचायच्या, मध्ये पट्ट्या घालून वारा खेळता ठेवायचा, आणि थांबायचं. किती थांबायचं? एक तुकडा बाजूला ठेवून दर आठवड्याला तोलायचा. वजन घटत असेल तर आत पाणी आहे. घटायचं थांबलं की लाकूड तयार.

तोलण्याचं काम आमच्या हिनं घेतलं. दर रविवारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर तो तुकडा ठेवायची आणि कॅलेंडरवर लिहायची. कॅलेंडरवरचे ग्रॅम पाहून शेजारणीला वाटलं हिनं काही औषध सुरू केलंय.

डिसेंबरमध्ये साहेब आले. जानेवारीत वहिनींचा पंच्याहत्तरावा वाढदिवस होता.

“तोपर्यंत होईल ना?”

“नाही होणार, साहेब. अजून वजन उतरून राहिलं. एप्रिल उजाडेल.”

“थोडं ओलं असलं तर काय होते? गरम खोली आहे. तिथंच वाळेल.”

हे ऐकून मी हातातला रंधा खाली ठेवला. साहेबांना वाटलं मी रागावलो. ते हळू आवाजात म्हणाले, “बोरकर, तुम्ही लाकडाचं सांगता, मी माझं सांगतो. डॉक्टरांनी मला पुढच्या हिवाळ्याची गॅरंटी दिलेली नाही. मला तिला आत बसलेलं पाहायचं आहे. बस, एवढंच.”

ते गेले. रंधा मला पुन्हा हातात घेववला नाही. कारण ‘तिथंच वाळेल’ हे वाक्य मी पूर्वी एकदा ऐकलं होतं आणि मानलंही होतं.

तेव्हा मला नोकरीला लागून जेमतेम दहा महिने झाले होते. एका मोठ्या कवचाचा पॅटर्न तातडीनं हवा होता. लाकूड ओलं आलं होतं आणि वाळवायची भट्टी बंद पडली होती. मी फोरमनला सांगितलं, लाकूड तयार नाही. तो म्हणाला, वाळूत जाईल तेव्हा तिथंच वाळेल. मी कागदावर ‘लाकूड कोरडं’ असं लिहून सही केली. पॅटर्न झाला, आठवड्यात आकसला, आणि त्यावरून ओतलेली तीन कवचं लहान आली. चौकशी झाली. प्रश्न होता, पॅटर्न चुकला की साचा. साचा बिसाहूचा होता. मी मान खाली घालून बसलो. चौकशी करणाऱ्यांनी ठरवलं की वाळू नीट ठासली नव्हती. बिसाहूच्या नावावर ठपका आला आणि त्याची बढती काही वर्षं मागे गेली. नंतर आम्ही कितीदा भेटलो, एकमेकांच्या घरच्या लग्नांना जेवलो. पण मी ते कधी बोललो नाही.

दोन दिवसांनी बिसाहू फळ्या उलटवायला आला. असं अधूनमधून करावं लागतं, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या वाळतात. आम्ही दोघं एकेक फळी उचलत होतो. मधेच मी म्हणालो, “बिसाहू, वो जो तीन केसिंग रिजेक्ट हुई थीं, याद है? लाकूड ओलं होतं. मले माहीत होतं. मैंने झूठ लिखा था.”

त्यानं हातातली फळी नीट रचली. मग म्हणाला, “मोला मालूम रिहिस.”

त्याला ठाऊक होतं. चौकशीच्या आधीच त्यानं पॅटर्न मोजला होता. त्यासाठी माझ्याच टेबलावरची पट्टी नेली होती.

“मग बोलला कावून नाही?”

तो म्हणाला, तू नवीन होतास. प्रोबेशनवर. तुझं नाव आलं असतं तर त्याच दिवशी घरी गेला असतास. मी पर्मनंट होतो. माझ्यावर ठपका आला, तुझं घर बुडालं असतं. मग वर म्हणाला, पण तुमच्या शॉपचा चहा मी दोन वर्षं प्यायलो नाही. तुझ्या लक्षात आलं होतं का?

आलं नव्हतं. हे मी त्याला खरं सांगितलं. मला काय वाटलं ते लिहिण्याइतकी माझी लेखणी चांगली नाही. मी घरात गेलो आणि हिला चहा टाकायला सांगितला. तो प्यायला. दोन कप.

संध्याकाळी मी चिटणीसांकडे गेलो. साहेब आराम करत होते, म्हणून नीनावहिनींनाच सगळं सांगितलं. लाकूड ओलं आहे, वाढदिवसाला होणार नाही, ओलं बसवून द्यायला माझा हात धजत नाही. साहेबांना घाई कशाची, हेही सांगून टाकलं. सांगायला हवं होतं की नव्हतं, ठाऊक नाही.

वहिनी मटाराच्या शेंगा सोलत होत्या. त्यांचे हात थांबले नाहीत.

“माझ्या वडिलांनी त्यांची बान्या बांधली तेव्हा लाकूड दोन वर्षं सुकवलं,” त्या म्हणाल्या. “तिकडे एक झाड असते, त्याची पानं पिंपळासारखी थरथरत राहतात. त्याचं लाकूड. आई रोज भांडायची, वडील ऐकत नव्हते.” मग म्हणाल्या, “तुमी सुकवा आरामात. हा माणूस मले पन्नास वर्षं थांबवून राहिला. आता यानं चार महिने थांबावं.”

“पण वहिनी, डॉक्टर...”

“मी त्याले मरू देत नाई ना,” त्या म्हणाल्या आणि सोललेले दाणे पातेल्यात ओतले.

त्या दिवसापासून साहेबांची औषधं, सकाळचं फिरणं, बिनमिठाचं जेवण, सगळं वहिनींनी हाती घेतलं. फेब्रुवारीत साहेब रस्त्यात भेटले तर म्हणाले, “बोरकर, लवकर वाळवा. तुमच्या लाकडापेक्षा मीच जास्त वाळून राहिलो.”

मार्चअखेर सलग तीन रविवार काट्यावर एकच वजन आलं. आमच्या हिनं कॅलेंडरवर त्या आकड्याभोवती गोल केला आणि काटा पुसून जागेवर ठेवला.

मग काम भराभर झालं. चिडाच्या फळ्या उखडल्या. वहिनींनी त्यांचा कांद्यासाठी रॅक करून घेतला. शिवणीच्या फळ्या भिंतींना खाचेत खाच बसवून लावल्या. बाकाच्या पट्ट्यांमध्ये बोटभर फट ठेवली, कडा गोल केल्या, सगळे स्क्रू खालून लावले. वॉर्निश नाही, पॉलिश नाही. बिसाहूनं पूर्ण बाकावरून तळहात फिरवला, जिथं कुसळ लागेल असं वाटलं तिथं बोट ठेवलं, आणि मी तिथं पुन्हा सँडपेपर मारला.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, सकाळी अकराला, खोली तापवली. बाहेर बेचाळीस होतं. शेजारच्या गच्चीवर दोन कुटुंबं पाहायला उभी होती. साहेबांना डॉक्टरांनी आत जायची सक्त मनाई केली होती. वहिनींना मात्र तपासून परवानगी दिली होती, पंधरा मिनिटांची. म्हणून साहेब दाराबाहेर खुर्ची टाकून बसले, शेजारी कूलर, हातात घड्याळ. मी आणि बिसाहू भिंतीला टेकून उभे राहिलो.

वहिनी मोठा पंचा गुंडाळून आल्या. हातात निलगिरीच्या फांद्यांची जुडी. तिकडे पानांच्या जुडीनं अंगावर मारून घ्यायची पद्धत आहे, आणि टाउनशिपमध्ये निलगिरीला तोटा नाही. त्या आत गेल्या आणि दार लागलं.

मी कान लावून होतो. पाण्याचा चर्र आवाज आला. मग पानांचा सपासप. मग काहीच नाही. खोकला नाही, ओरडणं नाही. पाच मिनिटं झाली. माझ्या मनात फळ्या वळत होत्या, राळ गळत होती, शिवणीला राळ नसते हे ठाऊक असूनही.

“साहेब, विचारा ना,” मी म्हणालो.

साहेबांनी दाराजवळ तोंड नेऊन रशियन भाषेत काही विचारलं. आतून लांबलचक उत्तर आलं. साहेब ऐकत राहिले. मग हसायला लागले, इतके की मला त्यांच्या छातीची काळजी वाटली.

“काय म्हणाल्या?”

त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. “म्हणते, भिलाईत येऊन पन्नास वर्षं झाली, रोज घाम आला. पण स्वतःच्या मर्जीनं आज पहिल्यांदा.”

“आणि बाक?”

“बाकाचं विचारलं मी. म्हणते, कोणतं बाक, मी तर आडवी झाली.”

बिसाहूला मी हे हिंदीत सांगितलं. त्यानं खिशातून टोस्टचा पुडा काढून माझ्यापुढे धरला. आम्ही दोघं उभ्या उभ्या टोस्ट खात राहिलो.

पंधरा मिनिटं झाली. साहेबांनी घड्याळ पाहिलं, उठले, दारावर दोनदा टकटक केलं आणि या वेळी मराठीत म्हणाले, “झाली वेळ. ये बाहेर.”

आतून मराठीतच उत्तर आलं, “नाई येत, जाय.”